खिडकीची परवानगी : मुंबईच्या इतिहासातील एक प्रकरण

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि दरबार यांची अपेक्षा धरून मंडळी येतात. आज आम्ही एका खिडकीविषयी बोलणार आहोत, आणि ती खिडकी आमच्याच घरातली आहे. घर गिरगावातील एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. खिडकी सागवानी, वर झिलमिली, खाली दोन झडपा, उभे गज. आमच्या आजोबांच्या वेळेपासून तिने रस्त्याकडचा वारा घरात घेतला. पण चौकटीचा खालचा भाग वाळवीने आणि पावसाने पार पोखरला होता. गेल्या वर्षी चैत्रात मिस्त्रीला बोलावले. त्याने चौकटीत पेचकस खुपसून पाहिला, तो मुठीपर्यंत आत गेला. "काका, दोन दिवसांचं काम," तो म्हणाला. आम्ही म्हटले, काढतोच आहोस तर दोन्ही बाजूंना वीतवीतभर वाढव; मे महिन्यात जीव घुसमटतो.

हा एक वीत शब्द तोंडातून गेला आणि आम्ही इतिहासात शिरलो.

भाडेपावत्या घेऊन येणाऱ्या मेहताजींनी प्रथम सावध केले. मग आम्ही कचेरीत गेलो. कोणती कचेरी, ते सांगत नाही. तेथील गृहस्थ सज्जन होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "आहे तेवढीच बसवणार, की मोठी करणार?" आहे तेवढीच असेल तर ती डागडुजी, आणि मोठी करावयाची तर तो फेरफार. फेरफार म्हटला की परवानाधारक सर्व्हेअर आला, त्याचा नकाशा आला, घरमालकाची संमती आली, आणि इमारत उपकरप्राप्त असल्यामुळे दुरुस्ती मंडळाचा कागदही आला. अर्ज वैशाखात दिला. आषाढात आम्ही त्या भोकावर ताडपत्री ठोकून बसलो होतो, कारण चौकट वाट न पाहता आधीच निखळली होती.

ताडपत्रीवर पाऊस वाजत असताना मनात आले, आमच्या भिंतीला केवढे भोक असावे हे विचारण्याचा अधिकार सरकारला मिळाला केव्हा? आणि त्याला ते विचारावेसे का वाटले? संताप होता, नाही असे नाही. पण जुने कायदे आणि अहवाल चाळू लागलो, तसा तो वेगळ्याच दिशेला वळला.

खिडकीवर सरकारची नजर जाणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला आणि तो १८५१ पर्यंत टिकला. फ्रान्सने १७९८ साली दारे व खिडक्या यांवर कर बसवला, तो १९२६ पर्यंत चालला. कर चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. इंग्लंडातील जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर तशी बुजलेली चौकोने आजही दिसतात. म्हणजे तेथे सरकारच्या लोभापायी खिडक्या बंद झाल्या. मुंबईत मात्र उलटे घडले. येथे सरकारने भिंतीला भोके पाडली.

परंतु त्याआधी कायदा काय होता, ते पाहिले पाहिजे. मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा १८८८ सालचा. अनेक दुरुस्त्या होऊनही तोच आज चालू आहे. त्यातील ३३७ वे कलम नव्या बांधकामाचे आणि ३४२ वे असलेल्या इमारतीत वाढ वा फेरफार करण्याचे. दोन्हींत शब्द आहे तो सूचनेचा. नागरिकाने कमिशनरला सूचना द्यावी की, मी अमुक करणार आहे. पुढे ३४५ वे कलम सांगते की, कमिशनरने तीस दिवसांत नापसंती कळवली नाही, तर खुशाल काम सुरू करावे. मौनं संमतिलक्षणम् हे वचन आपण लग्नकार्यात वापरतो. एकोणिसाव्या शतकातल्या या कायद्याने ते विटामातीच्या कामात वापरले होते. घर तुमचे, इच्छा तुमची. सरकारला हरकत असेल तर त्याने ती वेळेत सांगावी, अशी ती बैठक होती.

मात्र ३४६ व्या कलमात एक फट होती. कमिशनरला काही नापसंत असेल, तर त्याने कारणे कळवावीत आणि कोणत्या अटींवर काम करता येईल तेही सांगावे, असे ते कलम म्हणते. कोणत्या कामात काहीच नापसंत नसते? हळूहळू असे झाले की, अटी घालून दिलेली नापसंती हीच परवानगी ठरली. आज मुंबईत ज्याला घर बांधावयाचे तो 'आय.ओ.डी.' मिळाली म्हणून पेढे वाटतो. त्या अक्षरांचा अर्थ नापसंतीची सूचना असा आहे! जगात अन्य कोठे नागरिक सरकारची नापसंती हाती पडावी म्हणून खेटे घालीत असतील, असे आम्हांला वाटत नाही.

आता प्लेगाकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एक ज्वर पसरू लागला, आणि मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तो गाठीचा प्लेग आहे हे ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ. तेथील घरांचे दर्शनी तोंड अरुंद, पण आत ती लांबच लांब खोल गेलेली. खाली वखार, वर माणसे. जसजशी वस्ती वाढली तसतशा मालकांनी आत पडद्या घातल्या आणि एकेका खोलीच्या दोन-दोन, तीन-तीन खोल्या केल्या. रस्त्याकडची खोली तेवढी खिडकीची; मधल्या खोल्यांना उजेड मिळाला तर शेजारच्या खोलीकडून उसना. दिवसाही दिवा लावल्याशिवाय तेथे भात निवडता येत नसे. मागे जी खिडकी होती ती घरगल्लीत उघडे. घरगल्ली म्हणजे दोन इमारतींमधली हात-दोन हात रुंदीची बोळ; तिच्यात शौचकुपांच्या टोपल्या आणि सांडपाणी. ती खिडकी माणसे बंदच ठेवीत. त्यांना अडाणी म्हणणारे साहेब स्वतः मलबार हिलवर समुद्राच्या वाऱ्यात राहत होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

प्लेग पसरतो कसा, हे तेव्हा कोणास कळले नव्हते. जंतू सापडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कोठून, याविषयी नुसते तर्क होते. रोग घरात वसतो, जमिनीत, अंधारात, कोंदट हवेत वसतो, असा अधिकाऱ्यांचा दृढ समज होता. म्हणून इलाज घरावर झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गटाकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग कमिटी बसली. पुण्यात त्याच सुमारास रँडसाहेबाने काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले, हे या सभेत नव्याने सांगावयास नको. मुंबईत सोजिरांचा जुलूम तितका नव्हता, पण घरांची झडती होतीच, आणि तेथे जणू आरोपी घरच होते. भिंतींना चुना फासला गेला, गटारे धुतली गेली, आतल्या पडद्या पाडल्या गेल्या. छपरांची कौले काढून आत ऊन सोडले गेले. भिंती फोडून वाट काढली गेली. जी घरे सुधारणेपलीकडची ठरली त्यांच्या दारांवर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली : मनुष्यवस्तीस अयोग्य. आत राहणाऱ्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती. त्यांचा परिणाम मात्र समजत होता.

आणि आता या कथेतील चमत्कारिक भाग. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखवले की, प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो. त्याचे पुष्कळांनी हसे केले. पण पुढील दशकात मुंबईत बसलेल्या प्लेग संशोधन मंडळाने तीच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. म्हणजे ज्या कारणासाठी भिंती फोडल्या ते कारणच चुकीचे होते. पिसवेला खिडकीशी काय कर्तव्य? गोदीतले धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर हे प्लेगाचे खरे घर होते. कौले काढल्याने प्लेग गेला नाही. गोरगरीब पावसात भिजले मात्र.

तरी खिडकीचा प्रश्न मिटला नाही. याचे कारण दुसरा एक रोग होता, जो प्लेगासारखा डंका वाजवीत येत नाही. क्षय. त्याचा जंतू कॉखने १८८२ साली दाखवला होता. क्षय हवेतून पसरतो. बंद खोलीत एकाच्या खोकल्यातून घरभर जातो. उन्हात आणि खेळत्या हवेत त्याचे बळ मोडते. प्लेगाच्या नावाने मागितलेली खिडकी क्षयासाठी खरोखरच हवी होती. चुकीच्या निदानावरून दिलेले औषध भलत्याच रोगाला लागू पडावे, तसा हा प्रकार झाला.

प्लेगाच्या धक्क्याने १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने आधी मोठाले रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पश्चिमेकडचा समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा या हेतूने कापले आहेत. कल्पना भव्य खरी. पण रस्त्यासाठी ज्यांची बिऱ्हाडे मोडली ते शेजारच्या वाड्यांत जाऊन दाटले, आणि तेथला अंधार वाढला. वारा रस्त्यावर आला, घरात आला नाही.

ही गोष्ट ज्या माणसाने नीट ओळखली तो जे. पी. ऑर. सिव्हिल सर्व्हिसमधला हा अधिकारी पुढे ट्रस्टचा अध्यक्ष झाला. १९१२ साली त्याने मुंबईतील घरांतील उजेड व हवा या विषयावर एक जाहीर व्याख्यान दिले. होय श्रोतेहो, तेही व्याख्यानच होते. त्याचे सारे म्हणणे एका कोनात साठवलेले होते : साडेत्रेसष्ट अंश. हा कोन त्याने शोधून काढलेला नव्हे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरांच्या मागील बाजूसाठी तो होताच. ऑरने तो मुंबईच्या चाळीला लावला. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची रेषा वर काढावी. समोरच्या इमारतीने त्या रेषेबाहेर डोके काढू नये. भूमितीची धास्ती असलेल्यांसाठी सोपे करून सांगतो : समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर दोहोंमध्ये मोकळे हवे. चाळीस फूट उंचीला वीस फूट मोकळी जागा.

यातले शहाणपण असे की, ऑरने खिडकीचे माप विचारले नाही, खिडकीसमोर काय आहे ते विचारले. घरगल्लीत उघडणारी सहा फुटी खिडकी ही नावाची खिडकी होय. ट्रस्टने आपल्या नव्या योजनांत हा नियम पाळला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत आजही दुपारी चालून पाहावे. बेताच्या उंचीच्या इमारती, मध्ये हवेला वाट, झाडांच्या सावल्या. ही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हे. तो कोन आहे. कोणी म्हणेल, लंडनचे माप आपल्याला कशाला? शंका रास्त आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर. विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य येथे क्षितिजापासून ७१ अंश वर असतो, लंडनात ३९ च्याही खाली. आपल्याला ऊन उभे मिळते, तेव्हा नुसत्या उजेडापुरते पाहिले तर थोडी सूट देता येईल. पण आपला प्रश्न एकट्या उजेडाचा नाही. वारा उभा उतरत नाही.

येथे उष्ण हवेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण खिडकी मोठी म्हणजे चांगली, असा एक भाबडा समज आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या उघड्या झडपांचे किमान माप दिले आहे : कोरड्या उष्ण हवेत जमिनीच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा, दमट उष्ण हवेत सहावा. म्हणजे नागपूरला लहान, मुंबईला मोठी. आमच्या नागपूरच्या मावशी हे संहिता न वाचता जाणत होत्या. सकाळी नऊला खिडक्या बंद, वाळ्याच्या ताट्या ओल्या, आणि रात्री सगळे उघडे. तेथे दिवसाचा वारा हाच वैरी. मुंबईत मात्र हवा हलली नाही तर घाम अंगावरच राहतो. म्हणून आमच्या जुन्या खिडकीला झिलमिली होत्या : पाऊस बाहेर, नजर बाहेर, वारा आत. पूर्वीच्या सुताराने या तिन्ही गोष्टी एका फळीच्या तिरकसपणात बसवल्या होत्या. हल्ली जी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी सर्रास बसते तिच्यात एक काच दुसरीवर सरकते. भोक सहा फुटी, उघडते तीनच फूट. मोजायला गेले तर मापात बसते. वाऱ्याला विचारले तर निम्मी.

ऑरनंतरचा भाग झपाट्याने सांगतो, कारण तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. १९३३ साली ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. त्याने लक्षावधी भाडेकरूंचे छत वाचले, आमचेही. परंतु मालकाने चौकटीला रंग लावणे सोडून दिले. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. प्रत्येक पायरीला कारण होते, आणि प्रत्येक पायरीने आमच्या अर्जाला एक कागद जोडला. त्या कागदांवर खिडकीची लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, मालकाची सही, सर्व काही होते. समोरचे आकाश किती, हा रकाना नव्हता.

तो रकाना नसला म्हणजे काय होते, ते गोवंडी-मानखुर्दकडे दिसले. रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी तेथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुनर्वसनाच्या इमारती म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळाली. सात-आठ मजली इमारती, आणि त्यांच्यामध्ये सुमारे तीन मीटरांची फट. ऑरच्या हिशेबाने तीन मीटर फटीला सहा मीटर उंची चालली असती, म्हणजे जेमतेम दोन मजले. या वसाहतींची डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. उजेड आणि हवा जेथे पोचत नाही तेथे क्षयाचे प्रमाण अधिक, आणि त्यातही खालच्या मजल्यांची अवस्था वाईट, असे तिच्यात आढळले. प्रत्येक घराला खिडकी आहे. प्रत्येक खिडकीला परवानगी आहे. काही घरांत दुपारी बारा वाजता दिवा लागतो, जसा १८९६ साली मांडवीत लागत होता.

हे वाचल्यावर आमचा कचेरीवरचा राग पुष्कळसा ओसरला, असे म्हणण्यापेक्षा तो सरकला. खिडकीला परवानगी मागणे हा जुलूम आहे, असे आता वाटत नाही. शेजारी भिंत केवढी उंच नेणार, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे. परंतु वीतभर रुंदीसाठी आम्हांला चार कागद, आणि समोरच्या भिंतीला सूट, हा हिशेब आम्हांला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

आमची परवानगी भाद्रपदात आली. अर्थात नापसंतीच्या सूचनेच्या वळणाचीच, अटींसह. मिस्त्रीने दोन दिवसांचे काम पाच दिवसांत केले. खिडकी सागवानीच आहे. झिलमिली जुन्याच, घासून बसवल्या आहेत.

दरम्यान आमच्या समोरची चाळ पाडून तेथे बावीस मजल्यांची इमारत येणार असल्याचा फलक लागला होता. एका रविवारी आम्ही नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याला दोरा आणि ओळंबा बांधला आणि नव्या खिडकीपाशी जमिनीलगत बसून साडेत्रेसष्ट अंशांची रेषा धरली. रस्त्यासह मधले अंतर सुमारे चाळीस फूट आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ती रेषा समोर अकराव्या मजल्याच्या आसपास लागते. खाली उतरलो तेव्हा तळमजल्यावरच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी दोरा पाहून विचारले, "काय मोजताय?" आम्ही सांगितले. "मग आमचं कितव्यापर्यंत?" त्या म्हणाल्या. त्यांचा आठव्याला संपतो. समोरची इमारत त्या दिवशी सहाव्या मजल्यापर्यंत आली होती.